ॲडमिट केले तर बिल मंजूर, घरी ठेवले तर खर्च आपला : भुदरगडमधल्या एका माजी हवालदाराचे प्रकरण

भुदरगड तालुक्यातली एक वाडी. गारगोटीहून आत, कोल्हापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मराठा लाइट इन्फंट्रीतून १९८६ साली निवृत्त झालेले हवालदार, वय ८०. गावात सगळे त्यांना ‘मेजर’ म्हणतात. कोल्हापूरकडे फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, खरा हुद्दा डिस्चार्ज बुकात राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणेही गेले.

हे प्रकरण कुणा एका घराचे नाही. जिल्ह्यातल्या अशा घरांत जे होत असते ते एका घरात आणून मांडले आहे. घरखर्चाचे आणि दवाखान्याच्या दिवसांचे आकडे हिशेबासाठी धरले आहेत. नियम, भत्ते आणि सरकारी तारखा मात्र जशा आहेत तशा दिल्या आहेत.

दवाखान्यात चौदा दिवस, घरी पुढचे सगळे

पहिले चौदा दिवस सोपे गेले. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड होते. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना या योजनेची एकरकमी वर्गणी माफ आहे, त्यामुळे वर्गणीचा खर्चही पडला नव्हता. कोल्हापुरातल्या यादीवरच्या खासगी दवाखान्यात भरती झाली, बिल कॅशलेस निघाले. घरी सोडताना नाकात नळी, लघवीला नळी, हातात औषधांची पिशवी आणि डिस्चार्ज कार्डावर एक ओळ : दर दोन तासांनी कूस बदलणे.

ही एक ओळ म्हणजे दिवसातून बारा वेळा साठ किलोचे निर्जीव शरीर हलवणे, त्यातले चार-पाच वेळा रात्री. घरात पत्नी, वय ७४, गुडघे गेलेले. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर. उरली सून. तिने शेतावर जाणे बंद केले आणि तिची मजुरी कुठल्याच हिशेबात न येता बुडाली.

कूस बदलायला दोन माणसे लागतात. कमरेखाली आडवी चादर टाकायची, दोन्ही बाजूंनी धरून उचलायचे, मग तीस अंशांच्या तिरक्या कुशीवर वळवून पाठीला उशी लावायची आणि टाचा अधांतरी ठेवायच्या. माणूस एकच असला की उचलणे जमत नाही, मग ओढणे होते. ओढताना कातडी गादीला चिकटून मागे राहते आणि हाड पुढे सरकते. माकडहाडावरची जखम बहुतेक वेळा अशी सुरू होते. बाहेरून आधी नुसते लाल दिसते, आत खोलवर मांस मेलेले असते.

मुलाने हवेची गादी आणली. ती आल्यावर दोन चुका झाल्या. पहिली, गादी आहे म्हणून रात्रीचे कूस बदलणे सुटले. दुसरी विजेची : पावसाळ्यात त्या भागात वीज गेली की पंप बंद, हळूहळू हवा उतरते आणि अंग थेट खाटेच्या फळीवर येते. हवेच्या गादीखाली चार इंची फोमची साधी गादी असती तर निदान तो तडाखा वाचला असता.

नळीतून भरवण्याचे तेच. आडवे झोपवून भरवले की अन्न श्वासनळीत जाते. डोके तीस ते पंचेचाळीस अंश वर, एका वेळी दोनशे-अडीचशे मिली, संपल्यावर वीस-तीस मिली पाणी सोडून नळी धुवायची आणि पुढचा किमान अर्धा तास आडवे करायचे नाही. सुनेला हे कुणी करून दाखवले नव्हते. नाचणीची आंबील गाळून न घेतल्याने नळी दोनदा तुंबली. लघवीची साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलायची असते, ती सात आठवडे राहिली, कारण बदलायला कुणी येईना. पिशवी खाटेवर ठेवली जायची. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर गेली की लघवी उलट आत येते, सोबत जंतूही.

नोव्हेंबरात लघवीचा संसर्ग, सहा दिवस भरती. फेब्रुवारीत माकडहाडावर तिसऱ्या पायरीची जखम, मेलेले मांस काढावे लागले, सतरा दिवस. मे महिन्यात अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया, नऊ दिवस. एकूण बत्तीस दिवस, तिन्ही वेळा बिल पूर्ण मंजूर. आजारी माणसाला नेताना १०८ जवळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत येते, परत आणताना मात्र खासगी गाडी आणि पैसे खिशातून.

या तीनपैकी एकही भरती मेंदूच्या मूळ आजारामुळे झालेली नाही. तिन्ही घरच्या देखभालीत राहिलेल्या फटींतून झाल्या. सरकारने त्या फटी बुजवायला एक पैसा दिला नाही आणि त्यातून जे झाले त्याचे सगळे बिल भरले.

योजना आहेत, पण हे घर कुठल्याच चौकटीत बसत नाही

अशा वेळी गावात पहिला सल्ला मिळतो तो ‘सोल्जर बोर्डात जा, काहीतरी मिळेल’. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावेच, पण काय मागायचे ते ठरवून जावे.

अंथरुणाला खिळलेल्या सैनिकासाठी मदतनिसाचा पैसा देणारी एक तरतूद आहे, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. १ जुलै २०१७ पासून ती महिना ६,७५० रुपये ठरली आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की तीत पंचवीस टक्के वाढ होते. पण ती शंभर टक्के अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांना, म्हणजे अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले असे ठरलेल्यांना, आणि तेही वैद्यकीय मंडळाने शिफारस केली तर. निवृत्तीनंतर अडतीस वर्षांनी आलेला झटका यात येत नाही. सुरुंगात पाय गेलेला आणि झटक्याने अंग गेलेला, दोघांनाही कूस बदलून द्यावी लागते. नियमाला मात्र कारण विचारायचे असते.

रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून निर्वाह अनुदान मिळते, नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना ८,००० रुपये झाले. ते पासष्ट वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना आहे. याच निधीचे ५०,००० रुपयांचे वैद्यकीय अनुदानही पेन्शन नसलेल्यांसाठीच. आपल्या हवालदारांना पेन्शन आहे, म्हणून दोन्ही दारे बंद.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीवरच्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवे. पेन्शन धरली की तेही गेले. सत्तरीवरच्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड घ्यायचे तर ईसीएचएस आणि ते यांतले एक निवडावे लागते. शिवाय तेही भरतीचाच खर्च देते, घरचा नाही. कार्डाच्या लोभाने ईसीएचएस सोडू नये.

थोडक्यात, पेन्शन आहे म्हणून गरिबांच्या योजनेत नाही आणि अपंगत्व सेवेतले नाही म्हणून सैनिकांच्या भत्त्यात नाही. ईसीएचएस तर माणूस योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यापर्यंत, म्हणजे पॉलिक्लिनिकपर्यंत, येईल असे धरूनच बांधलेली आहे : डॉक्टरला दाखवा, रेफरल घ्या, यादीवरच्या दवाखान्यात जा. बिलात जिला कोड आहे त्या गोष्टीला पैसे मिळतात. घरी येऊन नळी बदलणाऱ्या नर्सला कोड नाही, म्हणून बिलही नाही.

आधी जे हक्काचे आहे ते काढून घ्यावे

घरच्या सेवेसाठी नव्या निधीची मागणी करणाऱ्या कागदावर पहिला प्रश्न येतो तो ‘आहे ते घेतले का?’. त्याचे उत्तर तयार असावे.

वयाची ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर वीस टक्के जादा पेन्शन मिळते. ८५ ला तीस, ९० ला चाळीस, ९५ ला पन्नास आणि शंभरीला शंभर टक्के. ती ऐंशी पूर्ण होणाऱ्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होते. आपल्या हवालदारांची जन्मतारीख १ जून १९४५. शाळामास्तरांनी एक जून लावून दिलेली ती पिढी आहे. म्हणजे जून २०२५ पासून जादा पेन्शन सुरू व्हायला हवी. मूळ पेन्शन २२,००० धरली तर महिना ४,४०० आणि त्यावर महागाई सवलत. ती अडकते तेव्हा बहुधा ‘स्पर्श’ या सैनिकी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत जन्मतारीख नसते किंवा चुकीची असते. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार या तिन्हींवर तारीख एकच आहे का ते आधी पाहावे.

पत्नीच्या नावाचा घोळ याहून मोठा. माहेरचे नाव वेगळे, लग्नात बदललेले वेगळे आणि फौजेच्या कागदात तिसरेच. पीपीओवर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख नीट नसेल तर कुटुंब पेन्शन उद्या अडणार. पती हयात असतानाच हे सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला कळवावे. मागाहून केलेल्या दुरुस्तीला प्रतिज्ञापत्रे, साक्षीदार आणि कितीतरी महिने लागतात.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात असतो. ऐंशीवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. अंगठा उमटत नसेल तर जीवन प्रमाणमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, किंवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन करून देतो. बँकेतून पैसे काढायला उजवा हात चालत नसेल तर अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचाही ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा अधिकारी. शाखेत हे माहीत नसल्यासारखे करतात. रिझर्व्ह बँकेची सूचना आहे एवढे शांतपणे सांगावे.

पक्षाघाताने आलेल्या अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढावे. पेन्शन असल्याने निराधार योजनेत बसत नाही म्हणून बहुतेकजण हे सोडून देतात, पण दोन कामांसाठी ते लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. रक्कम लहान असते, पण डायपर, हातमोजे, फोमची गादी यांसाठी अर्ज देता येतो आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंद होते. दुसरे म्हणजे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. सरकारने ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ योजना कराव्यात अशी त्याची भाषा आहे, त्यामुळे त्या कलमावर उद्या पैसे हातात पडत नाहीत. निवेदनात मात्र ते कलम पायाचा दगड म्हणून घालावे.

प्राथमिक आरोग्य केंद्राकडून खाटेवरच्या वृद्धांना घरभेट देणे हे वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. त्याचा पेन्शनशी संबंध नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. भेट मिळाली तर उत्तम, न मिळाल्याची नोंदही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

हिशेब, आणि त्यातला अडचणीचा भाग

मागणी करणारे बहुतेकजण इथे घसरतात. घरचा पूर्ण खर्च मांडू. बारा तासांचा मदतनीस रोज ५०० प्रमाणे महिना १५,०००. डायपर रोज चार, ३५ रुपयांचा एक, महिना ४,२००. हातमोजे, गॉज, नळ्या धरून साहित्याचे एकूण ५,०००. नर्सच्या चार भेटी २,०००. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, महिन्यात साधारण तेरा भेटी, ४०० प्रमाणे ५,२००. डॉक्टरची एक घरभेट ८००. एकूण २८,०००, वर्षाला ३,३६,०००.

दवाखान्याकडे बत्तीस दिवस गेले. रोज सरासरी ९,००० धरले तर २,८८,०००.

म्हणजे ‘घरी स्वस्त पडते’ हे वाक्य या आकड्यांवर उभे राहत नाही. वित्त विभागातला कुणीही हे दोन मिनिटांत दाखवून देईल आणि फाइल तिथेच मिटेल. तीनही भरती टळल्या असत्या असे म्हणणेही खोटेच, एखादी तरी झालीच असती.

खर्च दोन भागांत फोडला की चित्र बदलते. नर्स, फिजिओ आणि डॉक्टर मिळून महिना ८,०००, वर्षाला ९६,०००. फेब्रुवारीची सतरा दिवसांची एकच भरती १,५३,००० ची. कुशल माणसाने आठवड्याला एकदा पाठ उघडून पाहिली असती, सुनेला आडव्या चादरीने उचलायला शिकवले असते, नळी वेळेवर बदलली असती, आणि त्यातून ही एक भरती टळली असती तरी वर्षाचा कुशल सेवेचा खर्च वसूल होऊन वर पैसे उरले असते. म्हणून ईसीएचएसकडे पहिली मागणी कुशल घरभेटींची आणि साहित्याची करावी. मदतनिसाच्या पगाराची मागणी वेगळ्या कागदावर, वेगळ्या तर्काने. ती बचतीची मागणी होत नाही. ऐंशीवरच्या, खाटेवरच्या पेन्शनरांना, अपंगत्वाचे कारण न बघता, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स लागू करा अशी ती न्यायाची मागणी आहे. दोन्ही एका पत्रात घातल्या की मोठी मागणी छोटीलाही बुडवते.

खरे आकडे मिळवायला डिस्चार्जच्या वेळी रुग्णाच्या बाजूने ज्या बिलावर सही घेतात त्याची प्रत मागून घ्यावी. बिल कॅशलेस असल्याने कुणी बघत नाही, सही करून गाडीत बसतात. पुढे ते बिल ईसीएचएसच्या बिल तपासणीच्या प्रणालीत जाते आणि घरच्यांच्या हाताला लागत नाही.

कागद कसा असावा

डॉक्टरचा दाखला ‘रुग्ण बेडरिडन आहे’ एवढाच असेल तर तो कुणालाही लागू पडतो. त्यात बार्थेल गुणांक मागावा. खाणे, आंघोळ, शौच, खाटेवरून खुर्चीत बसणे, चालणे अशा दहा कामांवर शून्य ते शंभर गुण देतात. आपल्या रुग्णाचा शून्य ते दहा येईल. जखमेची पायरी, लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो. ‘आठवड्याला एक नर्सभेट आणि तीन फिजिओथेरपी भेटी आवश्यक’ असे संख्येत लिहिलेले वाक्य. संख्या नसेल तर मंजुरी कशाला द्यायची हेच ठरत नाही.

घरी तीन महिन्यांची वही ठेवावी, शाळेची दोनशे पानी पुरते. कूस किती वाजता बदलली, कुणी बदलली, नळी कधी बदलली, ताप, डायपर किती लागले, गाडीभाडे, सुनेचे बुडालेले दिवस. वहीत चुका, खाडाखोड राहू द्यावी. एका बैठकीत एका शाईने लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

मग पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याला एक पानी अर्ज : घरी फिजिओथेरपी, नर्सभेट, हवेची गादी, डायपर यांपैकी काय मिळते, काय मिळत नाही आणि कोणत्या आदेशानुसार. प्रत्येक गोष्ट वेगळ्या क्रमांकाने विचारावी. तोंडी ‘नाही मिळत’ ऐकून परत येऊ नये, कारण ‘अमुक सेवा अनुज्ञेय नाही’ हे लेखी वाक्यच पुढच्या सगळ्या मागणीचा आधार आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत झटक्यानंतर ठरावीक मुदतीपुरती घरच्या फिजिओथेरपीची भरपाई आहे आणि ईसीएचएस साधारणपणे सीजीएचएसचेच दर वापरते. त्या सवलतीचा उल्लेख अर्जात जरूर करावा. जे एका खात्याच्या निवृत्तांना चालते ते सैनिकाला का नाही, या प्रश्नाला टाळणे अवघड जाते.

कोणत्या दारात काय मागायचे

पॉलिक्लिनिक किंवा स्टेशन हेडक्वार्टर नवा खर्च मंजूर करू शकत नाही. पुण्याचे रीजनल सेंटर शिफारस वर पाठवू शकते. धोरण दिल्लीत, ईसीएचएसच्या केंद्रीय संघटनेत आणि संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागात ठरते आणि पैशासाठी वित्त विभागाची संमती लागते. त्यामुळे कोल्हापुरातल्या अधिकाऱ्यावर राग काढून काही साधत नाही. त्याच्याकडून लेखी उत्तर आणि शिफारस एवढेच घ्यावे. सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार केली तर ‘धोरणात्मक बाब’ म्हणून बंद होण्याची शक्यता मोठी. थकलेल्या जादा पेन्शनसाठी ते पोर्टल चांगले, नव्या धोरणासाठी नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज माजी सैनिक कल्याण विभागाच्या नावे ऑनलाइन करता येतो, फी दहा रुपये. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो, उत्तर तीस दिवसांत. अर्ज मराठीतही करता येतो, कायद्यात त्या भागाची राजभाषा चालते असे स्पष्ट आहे. मात्र ‘घरच्या सेवेला पैसे का देत नाही?’ असा प्रश्न विचारला की ‘माहिती या व्याख्येत बसत नाही’ म्हणून परत येतो. अभिलेख मागावा : कोल्हापूर पॉलिक्लिनिकमधून गेल्या तीन आर्थिक वर्षांत सत्तरीवरच्या किती रुग्णांना बेडसोर, लघवीचा संसर्ग आणि न्यूमोनियासाठी रेफर केले, वर्षवार संख्या, नावे नकोत. निदानवार संख्या ठेवलेली नाही असे उत्तर आले तर नावे झाकून रेफरल रजिस्टरची पाहणी मागावी. नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील.

खासदाराकडे जाताना निवेदन नको, तयार प्रश्न न्यावा. भुदरगड कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात येते. लोकसभेतल्या प्रश्नाला पंधरा दिवसांची सूचना लागते. ‘ईसीएचएसमध्ये खाटेवरच्या लाभार्थ्यांसाठी घरच्या नर्सिंगचा प्रस्ताव विचाराधीन आहे का, असल्यास तपशील, नसल्यास कारणे’ एवढा प्रश्न पुरे. मंत्र्यांचे लेखी उत्तर हाती आले की दोन वर्षांचा पत्रव्यवहार वाचतो.

वेळेचे गणित बहुतेकांचे चुकते. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो म्हणून जानेवारीत मोर्चा निघतो. तोवर आकडे छापायला गेलेले असतात. मंत्रालयांचे अंदाज सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तयार होतात, म्हणजे निवेदन गणपतीच्या आगेमागे दिल्लीत पोचलेले हवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये संरक्षण विषयाची संसदीय स्थायी समिती अनुदानांच्या मागण्या तपासते, ती दुसरी संधी.

पैसेच नाहीत हे उत्तर येईल तेव्हा तक्ता हाताशी असावा. ईसीएचएसची मूळ तरतूद २०२३-२४ मध्ये सुमारे ५,४३१ कोटी होती, २०२४-२५ मध्ये ६,९६८ कोटी, २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी. तरतूद वाढतेच आहे. म्हणून मागणी आणखी हजार कोटींची करू नये. आहे त्या तरतुदीत घरच्या सेवेचे एक शीर्ष, चार-पाच कोड आणि दर द्या अशी करावी. बाहेरच्या देशांचा दाखला फार ताणू नये. कॅनडात १९८१ पासून सैनिकांना घरी राहता यावे म्हणून वेगळा कार्यक्रम आहे, अमेरिकेने जानेवारी २०२५ च्या कायद्याने घरच्या सेवेची मर्यादा शुश्रूषागृहाच्या खर्चाच्या ६५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेली. दोन ओळी पुरेत. जास्त लिहिले की ‘ते श्रीमंत देश’ म्हणून विषय संपतो.

जिल्ह्यातच करून दाखवता येईल असा तुकडा

दिल्ली हलेपर्यंत कोल्हापुरात एक छोटा प्रयोग मागता येतो. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, जिल्हा नियोजन समितीच्या कामातही त्यांचा मोठा हात असतो आणि नियोजनात नावीन्यपूर्ण योजनांना जागा असते. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच पक्का होतो, त्यामुळे प्रस्ताव दिवाळीपूर्वी जायला हवा.

भुदरगड-राधानगरीसाठी एक पथक. नर्स २५,०००, फिजिओथेरपिस्ट ३०,०००, चालकासह भाड्याची गाडी ४०,०००, साहित्य २५,०००. महिना १,२०,०००. दिवसाला पाच घरे, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे १२० भेटी. तीस रुग्णांना प्रत्येकी चार. एका रुग्णामागे महिना ४,०००, वर्षाचा खर्च १४ लाख ४० हजार. फिजिओथेरपीच्या तेरा भेटी यात होत नाहीत. फिजिओने व्यायाम सुनेला शिकवायचे आणि पुढच्या भेटीत तपासायचे. पाऊस लागला आणि वेदगंगेचे पाणी रस्त्यावर आले की दिवसाला पाच घरे होणार नाहीत, जुलै-ऑगस्टसाठी तीन-चारच धरावीत. हे आधीच लिहिले तर पहिल्या तिमाही अहवालात पथक ‘अपयशी’ ठरत नाही.

मदतनीस गावातूनच तयार करता येतील. माजी सैनिकांच्या विधवांना व्यावसायिक प्रशिक्षणासाठी रक्षा मंत्री निधीतून ५०,००० रुपयांचे अनुदान आहे. शिलाई मशीन सोडून त्यातून रुग्णसेवेचे प्रशिक्षण घ्यायला लावले तर एकाच वाडीत गरज आणि रोजगार भेटतात.

प्रयोगात मोजायचे काय ते पहिल्या दिवशी ठरवावे : रुग्णामागे भरतीचे दिवस, नव्या बेडसोरची संख्या, नळी बदलण्यातला सरासरी उशीर. समाधानाचे फॉर्म भरून घेऊन काही सिद्ध होत नाही, घरी आलेल्या नर्सला कुणी वाईट म्हणत नाही. आधीच्या वर्षाचे भरतीचे दिवस त्याच तीस घरांतून बिलांवरून काढून ठेवावेत. सुरुवातीलाच हे राहिले तर वर्षाअखेरीस तुलनेला काहीच उरत नाही.

या सगळ्याला दीड-दोन वर्षे लागतात आणि बार्थेल शून्यावरच्या ऐंशीच्या माणसाकडे तेवढा वेळ असेलच असे नाही. रुग्ण गेला की घरचे फाइल कपाटात ठेवतात आणि अर्जदार मयत म्हणून कार्यालयही बंद करते. म्हणून पहिल्याच अर्जावर पत्नीची सह-अर्जदार म्हणून सही घ्यावी. तीही त्याच कार्डावरची लाभार्थी आहे, वय ७४, गुडघे गेलेले, आणि मेजरांनंतर त्याच खाटेवर येण्याचा संभव तिचाच. पीपीओवर तिचे नाव दुरुस्त झाले आहे की नाही, हे या आठवड्यात बघून घ्यावे.